तुंबाडच्या खोतांचं बोटखत

रत्नागिरीला पाहुणा आला की आम्ही त्याला थिबा राजवाडा दाखवतो. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली गादीवरून उतरवलं, 1886 साली इथे आणून ठेवलं, पुढे 1910 मध्ये खाडीकडे तोंड करून हा वाडा बांधून दिला आणि 1916 च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. पाहुणा हळहळतो, लाल भिंतींचे फोटो काढतो, मग आंब्याचा भाव विचारतो. माझ्याही शहराचा तो वाडा, पण त्याच्यापुढे उभं राहून मला कधी गलबललं नाही. राजा परमुलखातला, त्याला पाडणारेही परमुलखातले. पडलेलं घराणं बघायचंच असेल तर मी पाहुण्याला खेड, दापोली, गुहागर, संगमेश्वर यांपैकी कुठल्याही तालुक्यात आडवाटेच्या गावी नेईन. गावाच्या मधोमध कमरेएवढं चिऱ्याचं जोतं असतं, त्यावर रान माजलेलं असतं, एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन तेवढं शाबूत असतं. कोणालाही विचारा, "खोताचा वाडा" एवढंच उत्तर मिळेल.

मी जातीवंत कारकून. 1977 साली नोकरीला लागलो आणि पेन्शनीत निघेपर्यंत जमिनीच्या कागदांतून बाहेर पडलो नाही. आमच्याकडे अभिलेख कक्ष कोणी म्हणत नाही, 'रेकॉर्ड' म्हणतात. लाकडी मांडण्या, त्यांवर फडक्यात बांधलेले रुमाल, पावसाळ्यात बुरशी आणि बारा महिने वाळवीची धास्ती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या अव्वल कारकुनांनी मला मोडी शिकवली. शिकवलं म्हणजे एक रुमाल पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "अक्षर बघत बसू नको. लिहिणाऱ्याचा हात कसा फिरलाय ते बघ." सहा महिने डोकं दुखलं. सातव्या महिन्यात एका पानावर माझ्याच गावाचं नाव वाचता आलं आणि तिथून मी त्या कागदांचा झालो तो झालोच.

त्या कागदाचं नाव बोटखत. रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हा शब्द सांगावा लागतो. खोती गावांची जमाबंदी झाली तेव्हा सरकारने गावागावाचं एक रजिस्टर करून घेतलं. जमिनीचा तुकडा कोणता, तो कोण कसतो, कोणत्या हक्काने कसतो आणि खोताला त्याने काय द्यायचं, हे सगळं त्यात आहे. भांडण कोर्टात गेलं की शेवटी याच रजिस्टराचं पान उघडत. आजही उघडतात.

मी बोटखतं चाळत होतो त्याच दिवसांत, 1987 साली, श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' बाहेर आली. दोन खंड, उशाला घ्यावेत असे जाड. वाचनालयात पहिला खंड मला तीन महिन्यांनी मिळाला आणि दुसरा एका वकिलाने आणखी दोन महिने दाबून ठेवला. पेंडसे आमच्याच जिल्ह्याचे, 1913 साली दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मलेले. उभी हयात मुंबईत बेस्टच्या नोकरीत गेली, पण लेखणी हर्णै-अंजर्ल्याच्या पट्ट्यातून फारशी हलली नाही. 'गारंबीचा बापू' सगळ्यांना माहीत. 'रथचक्र'ला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं होतं. पण खोत घराण्याच्या चार पिढ्या, जगबुडीच्या काठचा वाडा आणि त्या वाड्याचं वर जाणं नि खाली येणं एवढं मोठं आवार त्यांनी आधी घेतलं नव्हतं. घराण्याच्या ऱ्हासाची कादंबरी म्हटली की मराठी वाचक आज पहिल्यांदा हिचंच नाव घेतो, आणि ते योग्यच आहे.

तुंबाड हे गाव खरं आहे. खेड तालुक्यात, जगबुडीवर. 2018 साली त्या नावाचा हिंदी सिनेमा आल्यापासून मात्र लोकांना तुंबाड म्हटलं की शापित वाडा आणि आतलं भूत आठवतं. नाव कादंबरीवरून उचललेलं, गोष्ट साफ वेगळी. माझ्या पुतण्याने मला विचारलं, "काका, तुमच्या रेकॉर्डात त्या खजिन्याची नोंद आहे का?" म्हटलं, आहे. अर्धेल, तिरधेल आणि वेठ. खोताचा खजिना तोच होता.

आता खोत म्हणजे कोण, ते जरा सांगतो, कारण इथेच सगळा घोळ आहे. सिसिलीच्या लाम्पेदूझाने आपल्या पणजोबांवरून एका सरदाराच्या अस्ताची कादंबरी लिहिली, ती त्याच्या मरणानंतर 1958 साली छापली गेली. त्याच साली सत्यजित राय यांचा 'जलसाघर' आला, त्यात बंगालचा जमीनदार शेवटच्या मैफिलीत होतं नव्हतं ते उधळतो. ती मंडळी खरोखरच उमराव होती. आमचा खोत उमराव नव्हता. आदिलशाहीच्या काळात कोकणात गावं ओस पडलेली, रान माजलेलं. जो पुढे होऊन माणसं वसवील, जमीन लागवडीस आणील आणि सरकारात ठरलेला सारा भरील, त्याला गावाची वसुली दिली जाई. ही वसुली पुढे वंशपरंपरा झाली, पेशवाईत तिच्या सनदा वाढल्या. म्हणजे खोत हा मुळात माझ्यासारखाच सरकारी वसुलीच्या कागदावर जगणारा माणूस. फरक एवढाच की मला महिन्याच्या महिन्याला पगार होता आणि त्याला सरकारात भरलेल्या साऱ्याच्या वर जे उरेल ते.

'खोत' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच जात येते. तेही तपासून बघावं. बोटखतांत मी चित्पावन खोत पाहिले, मराठे पाहिले, मुसलमान पाहिले, प्रभू पाहिले. आमच्या गावच्या खोतांची जात मी इथे मुद्दाम लिहीत नाही. अर्धेल मोजताना ती कुठे आड आली नाही.

आमचं घर कुळाचं, कुणब्याचं. जगबुडीच्याच वरच्या अंगाला, नाव सांगण्याइतका गाव मोठा नाही. माझी आजी साधारण शतकाबरोबरची. तिने अभावणी पाहिली होती, आणि ती सांगायला बसली की घरातली पोरं झोपायची विसरत.

अभावणी म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज. भात पिवळं पडलं की खोत किंवा त्याचा कारकून बांधावर येऊन उभा राही, शेताकडे बघे आणि या तुकड्यात किती भात निघेल ते तोंडाने सांगे. तो आकडा वहीत चढे. भातशेतीत निम्मा वाटा खोताचा, ती अर्धेल. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीत तिसरा वाटा, ती तिरधेल. वाटा खळ्यात मोजलेल्या भाताचा नव्हे, बांधावरून बोललेल्या भाताचा.

आजी म्हणायची, "कापायचं नाय हो. वाऱ्यानं आडवं झालं तरी नाय. अभावणी झाल्याबगर विळा लावायचा नाय." हस्ताचा पाऊस लांबला की भात लोळत असे, लोंब्यांना शेतातच मोड येत. खोताची माणसं तेव्हा दुसऱ्या वाडीत असत. बायका बांधावर बसून वाट बघत. एका साली आमच्या तुकड्याला खोताच्या तोंडून खंडी निघाली. झोडणी करून मोजलं तर सोळा मण भरलं. खंडीचे वीस मण, त्यातले अर्धे म्हणजे दहा खोताचे. आमच्या कणगीत सहा राहिले. त्या सहातून मृगाला पेरायचं बी बाजूला काढायचं, आणि तेही खाऊन संपलं की बी खोताकडूनच आणायचं, परतताना दीडपटीने. आजीला लिहायला येत नव्हतं, पण वीस, सोळा, दहा आणि सहा हे चार आकडे ती मरेपर्यंत विसरली नाही. ते सांगताना ती बोटं मोजत नसे, उजव्या हाताची मूठ एकदा उघडून बंद करी.

पालखीवेठ, नांगरवेठ आणि आठांतला एक दिवस फुकट राबायचं ही आठवेठ यांची तर नावंच पुरेशी आहेत. खोत बाहेर निघाला की पालखी उचलायला कुळं, त्याची पेरणी आली की कुळांचे नांगर आधी त्याच्या शेतात. आपली पेरणी मग पाऊस ठेवील तशी.

इंग्रजांनी 1818 नंतर कोकण घेतलं तेव्हा पहिला प्रश्न त्यांनाही हाच पडला, की हा माणूस गावाचा मालक आहे की वसुलीचा मक्तेदार? या एका प्रश्नावर साठ वर्षं कागद रंगले. मोजणी झाली, कुळांचे दर ठरवण्याचा प्रयत्न झाला, खोत कोर्टात गेले. कोणी कबुलायत लिहून द्यायला नकार दिला की सरकार गाव जप्त करी आणि आपला माणूस बसवी. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक, स्वतः खोत घराण्यातले आणि मुंबईचे नामांकित वकील, त्यांनी खोतांची बाजू मोठ्या अभ्यासाने मांडली. शेवटी 1880 चा खोती कायदा झाला. वाचायला रुक्ष आहे, पण माझ्या दृष्टीने कोकणच्या इतिहासात त्याच्याइतका महत्त्वाचा कागद थोडा. 1845-46 च्या महसुली सालाच्या आधीपासून जे कूळ तीच जमीन सलग कसत आलं, त्याचा ताबा या कायद्याने वारसाहक्काचा ठरला. जमीन विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला खोताची संमती लागे, अर्धेलही चुकली नाही. पण त्याला उठवता येईना. आणि हे सगळं लिहून ठेवायचं ठरलं. ते लिहिलेलं पुस्तक म्हणजे बोटखत.

कादंबरीत वाड्याच्या उताराला कारणं असतात ती माणसांची. कोणाचा अहंकार, कोणाचा लोभ, कोणाचं वेडं प्रेम, कोणाच्या हातून घडलेलं पाप. पेंडसे हे सगळं जिवंत करतात, मधू खोत तर माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. पण मी ज्या खोलीत बसून ती कादंबरी वाचत होतो, त्या खोलीत उताराचं एक दुसरंच कारण रुमालात बांधून ठेवलेलं होतं. खोताला मोठं केलं कागदाने आणि लहान केलं तेही कागदानेच. बोटखतात कुळाचं नाव लिहिलं गेलं त्या दिवशी वाड्याच्या जोत्यातला पहिला चिरा हलला. त्याचा आवाज कोणाला आला नाही, वाडा तर पुढे सत्तर वर्षं उभा होता.

दुसरा चिरा खोतांनी स्वतः काढला. खोती हा हक्क वाटला जाई. सोळा आण्यांचा गाव, आण्याच्या बारा पै. प्रत्येक हिस्सेदाराची तक्षीम वेगळी, आणि वहिवाट पाळीपाळीने. या साली थोरल्या घराने वसुली करायची, पुढच्या साली धाकट्याने. ज्याची पाळी तो वहिवाटदार खोत, तो आपलं साल पिळून घेई, कारण पुन्हा पाळी कधी येईल ते त्याला माहीत असे. मग भाऊ भावावर हिशेबाचा दावा लावी. रेकॉर्डात मी एका गावचे असे कागद पाहिले आहेत की मुदलातल्या वादाची रक्कम आणि कोर्ट-फी यांत कोण मोठं ते सांगता येऊ नये. रत्नागिरीच्या वकिलांचे बंगले कोणी बांधले म्हणून विचाराल तर मी वाड्यांकडे बोट दाखवीन.

तिसरं कारण मनीऑर्डर. आमच्याकडची माणसं गिरण्यांत गेली ती परत येण्यासाठीच गेली, पण महिन्याकाठी आलेले पाच-सात रुपये घरातल्या बाईच्या हातात पडू लागले. बी आणायला खोताच्या ओटीवर जाण्याची गरज एकेका घराची संपत गेली. वेठीला माणूस बोलावला की उत्तर मिळे, "तो मुंबईस आहे." खोताला याच्यावर कोर्टात जाता येत नव्हतं.

टिळकांचं नाव इथे टाळून चालणार नाही. त्यांचं घराणं दापोलीजवळच्या चिखलगावच्या खोतीतलं. खोती कायद्यात दुरुस्तीचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी केसरीतून खोतांची बाजू घेतली. सरकारने जुन्या हक्कांत हात घालू नये, असा त्यांचा मुद्दा. माझ्या घरात टिळकांची तसबीर आहे आणि ती राहील, पण या एका बाबतीत मला ते पटलेले नाहीत. त्यांच्यापुढे सरकार होतं. आमच्या आजीपुढे बांध होता.

1933 साली अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. तो संप सहा वर्षं चालला, शेतं ओस राहिली, माणसं लाकूडफाटा विकून जगली. आमच्या जिल्ह्यात तेवढं काही झालं नाही. आमचं भांडण मुंबईत झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांचं मूळ गाव आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर गेला. माझे चुलत आजोबा परळच्या गिरणीत जॉबर होते, ते त्यात चालले. महार आणि कुणबी एका रांगेत चालताना त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं आणि आजीने विचारलं ते एवढंच, "पाणी कुठं प्यालात?" त्यांनी उत्तर दिलं नाही. हा प्रसंग आमच्या घरात कोणी मोठ्याने सांगत नाही, मी सांगतो.

ते विधेयक मंजूर झालं नाही. मुंबई इलाख्याचे पंतप्रधान तेव्हा बाळासाहेब खेर होते, जन्म त्यांचाही रत्नागिरीचाच. 1939 साली मंत्रिमंडळ बाहेर पडलं, युद्ध आलं, आणि खोत आणखी दहा वर्षं बांधावर उभे राहिले. शेवटी 1949 चा खोती नष्ट करण्याचा कायदा खेरांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत झाला आणि 15 मे 1950 ला लागू झाला. कायदा बारा-पंधरा पानांचा. खोतांच्या खासगीकडच्या जमिनी त्यांच्याकडे राहिल्या, कायम कुळं आणि नुसता सरकारी सारा भरणारे धारेकरी सरकारचे थेट खातेदार झाले, गावात तलाठी आला. 1948 चा कूळकायदा होताच, त्यातून 1 एप्रिल 1957 ला, कृषकदिनी, कसणारा मालक मानला गेला, आणि खासगीतलंही बरंचसं कुळांकडे गेलं.

काही गावांत खोतांनी हे पोक्तपणे घेतलं. काही ठिकाणी वर्षानुवर्षं कोर्टं चालली. दोन्ही बाजूंची माणसं मी खिडकीपुढे उभी पाहिली आहेत. जिंकलेलं कूळ आणि हरलेला खोत, दोघांच्याही चपला सारख्याच झिजलेल्या असत.

कागद गेला तरी मान गेला नाही, ही यातली गंमत. आमच्या गावात शिमग्याची पालखी देवळातून निघाली की आधी खोताच्या खळ्यात नाचे. 1950 नंतरही नाचली. 1974 साली गावच्या तरुणांनी विचारलं, का? तीन वर्षं पालखी गावात फिरलीच नाही, देवळातच बसून राहिली. होळीला दोन वेगवेगळे माड पडले. मग म्हाताऱ्यांनी तोड काढली: खोताकडून नारळ येईल, पालखी त्या वाटेने जाईल, पण थांबणार नाही. अर्धेल रद्द करायला कायदा पुरला. पालखी पुढे सरकवायला आम्हाला आणखी सत्तावीस वर्षं लागली. तोवर वाड्यात राहत होती ती एक म्हातारी, आणि पालखी पुढून गेली की ती दाराशी येऊन हात जोडून उभी राही. माझी आजी तिच्यासाठी भाजणी पाठवायची. वीस, सोळा, दहा आणि सहा विसरलेली नव्हती, तरी पाठवायची.

कादंबरीवर माझी तक्रार असेल तर एवढीच. ती वाड्याच्या माजघरात, ओटीवर, पडवीत मन लावून बसते, कुळाच्या अंगणात तेवढी टेकत नाही. पण आता वय झाल्यावर वाटतं, ही तक्रार पेंडशांवर करण्यात अर्थ नाही. त्यांना वाडा दिसला, त्यांनी वाडा लिहिला. कुळाच्या चार पिढ्यांवर तेवढेच दोन जाड खंड आमच्यापैकी कोणी लिहायला हवे होते. आम्ही अर्ज लिहीत बसलो.

निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना, महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी मोजण्या चालू होत्या तेव्हा, एक गृहस्थ खिडकीशी आले. पन्नाशीचे, मुंबईच्या उपनगरातले, इंजिनियर. "भाऊसाहेब, आमच्या गावचं बोटखत बघायचं होतं. मोडीत आहे म्हणतात." गावाचं नाव त्यांनी सांगितलं आणि मी मान वर केली. आमच्या खोतांचे पणतू. मला ते ओळखत नव्हते, मीही त्यांना नव्हतो. चुलत, मावस, आतेभाऊ धरून बरेच जण वाड्याच्या जागेचे हिस्सेदार निघत होते, कोणाचा किती तेच कोणाला ठाऊक नव्हतं.

रुमाल सोडला. पान सापडलं. शाई तपकिरी झालेली, वळण स्वच्छ. त्यांचे पूर्वज चार आण्यांचे खोत, असं मी वाचून दाखवलं. मग पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. चार आणे, चार मुलगे, एकेक आणा. त्यांचे तीन-तीन, म्हणजे चार-चार पै. त्यांतल्या एकाची चार अपत्यं, म्हणजे पै-पै. "तुमची एक पै येते," मी म्हटलं. "म्हणजे किती?" "एकशे ब्याण्णवावा हिस्सा." ते मोठ्याने हसले, बाजूचा शिपाईही हसला.

मग त्यांनी त्याच पानावर खाली बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. कुळाचं नाव, बापाचं नाव, कायम, भात अर्धेल. ते नाव माझ्या पणजोबांच्या वडिलांचं होतं. ते पान मी त्याआधी पुष्कळदा उघडलं होतं, पण कोणाला वाचून दाखवण्याची वेळ ती पहिलीच. सांगावं की नाही असा क्षणभर विचार केला आणि सांगितलं. ते जरा वेळ पानाकडे बघत राहिले. म्हणाले, "मग ती जमीन आता?"

"धाकट्या भावाकडे आहे. यंदा पाऊस बरा झाला, सतरा पोती भात झालं."

त्यांनी नकलेचा अर्ज लिहून दिला, फी भरली. पावती फाडताना मी विचारलं, आडनाव खोत लिहू का? नको म्हणाले, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आहे, तेच लिहा.